डिस्क मिळाल्या, मेनूबद्दल थोडं

चिपळूण

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

जुन्या कॅसेटींवरून केलेल्या डिस्कचं पार्सल पोचलं. फोनवर बोलायला गेलो की आपलं जुंपतं, परवाही जुंपलंच, म्हणून लिहायला बसलो. डोळ्यांच्या तपासणीचा विषय पत्रात काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय. तेव्हा फक्त डिस्कबद्दल.

काम झकास झालंय, हे आधी सांगतो. कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून २२ जुलै २०२१ च्या पुरातून वाचल्या, पण इथल्या दमट हवेनं टेपच्या कडांना पांढरी बुरशी धरली होती. बाजारपेठेतल्या एकानं तर टाकून द्या म्हणून सांगितलं होतं. तू जुन्या बाजारातून व्हीसीआर पैदा केलास, बुरशी साफ केल्याशिवाय एकही कॅसेट आत घातली नाहीस, आणि तीन तासांची कॅसेट उतरवायला पुरे तीन तास बसलास. शेजारच्या भाऊंना मी हे दोनदा ऐकवलं. पण हे सगळं तू ऑफिस सुटल्यावर, रात्री केलंस. मायनस सहाचा नंबर असलेल्या माणसानं रात्र रात्र स्क्रीनसमोर... असो.

आता मेनू, म्हणजे डिस्क लावल्यावर टीव्हीवर येणारी नावांची यादी. पस्तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिलेत, तेव्हा अक्षराबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे. मागे गोवळकोटचा फोटो आणि त्यावर बारीक सोनेरी अक्षरं, हे पत्रिकेवर शोभतं. टीव्हीवर मला फक्त खाडी दिसली. माझ्या काचबिंदूत नुसती कडेची नजर जात नाही, फिकटावरचं फिकटही दिसेनासं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळं जाड अक्षर घाल. एका पानावर चारच नावं. शिरोरेषा तर जाडच हवी. टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींनी रंगतं असं तूच सांगितलंस ना? मग एका ओळीची शिरोरेषा थरथरणारच. रिमोटनं पुढे सरकलं की पिवळ्याचं नारिंगी होतं, तेही कळत नाही. रंग मोजकेच मिळतात हे मान्य, पण त्यातल्याच एका रंगाची ठसठशीत चौकट नावाभोवती टाकता येईल.

आणि नावं कडेला चिकटवू नकोस. आपला टीव्ही चारी बाजूंनी थोडं चित्र कापतो. ओवीच्या बारशातला ‘बा’ गेला आणि ‘रसं’ राहिलं. आई म्हणाली, आंब्याचा दिसतोय, लाव. जोडाक्षरं मात्र या खेपेला शाबूत आहेत. मागच्या नमुन्यात सत्यनारायणाचे हातपाय मोडले होते. अक्षरांचं आधी चित्र करून मग ते मेनूत टाकायची तुझी युक्ती चांगली.

माणसं रुंद दिसत होती, ते टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ केल्यावर सुधारलं. तोवर आईनं स्वतःला पाहून दोन दिवस भात सोडला होता. आणखी एक, तीन तासांचं शूटिंग एकाच ४.७ जीबीच्या डिस्कवर दाबू नकोस. पंगतीतल्या लोकांच्या तोंडाचे चौकोन झालेत. दोन डिस्क कर, पैसे मी देतो. पेनड्राइव्ह घ्या असं पुन्हा सुचवू नकोस. त्यात इंग्रजी आकड्यांची यादी उघडते आणि मला स्वातीला फोन लावावा लागतो. डिस्क घातली, बटण दाबलं, मुंज सुरू झाली, एवढंच मला हवंय.

मुंज मी पुनःपुन्हा पाहिली. १९९१ ची. तो हॅलोजन धरलेला पोरगा आठवतो का? त्याच्या उजेडानं सगळी बायामाणसं डोळे बारीक करून उभी आहेत. भिक्षावळीत तू झोळी घेऊन अण्णांच्या डाव्या अंगाला येतोस आणि ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणतोस. अण्णा समोर बघतात, मग उजवीकडे बघतात. तू अगदी कोपराशी उभा, आणि त्यांचा हात लाडू घेऊन हवेत. सगळे हसताहेत, मीही. अण्णा नातवाची थट्टा करताहेत असंच वाटलं सगळ्यांना. मग तू त्यांचं उपरणं ओढतोस तेव्हा ते वळतात. मग पाटाकडे जाताना डावीकडच्या चौरंगाला त्यांचा पाय लागतो, तांब्या कलंडतो, कुसुमआत्या धावते. इतक्या वर्षांत ही कॅसेट कितीदा लावली असेल, पण तेव्हा सगळे बटूकडे, म्हणजे तुझ्याकडेच बघायचे.

तेव्हा अण्णा चौसष्टचे. घरात सगळे म्हणायचे मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. पुढे मुंबईला दाखवलं तेव्हा कळलं की काचबिंदू आहे, डोळ्याची नस वाळलेली होती. मोतीबिंदू काढला की दिसतं, काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. बहुतेकदा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं वाचता येतं, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो. माझं निदान झालं तेव्हा मीही रोज पेपर वाचत होतो.

आईला दिलेला शब्द मोडला, कळतंय मला. मोडलाच आहे तर पुरतं लिहितो. अण्णांना होता, मला आहे. बाप-भावाला असेल तर धोका कितीतरी पटीनं वाढतो, मोठा मायनस नंबर असला तर आणखी, आणि तू चाळिशी ओलांडलीस. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. डोळ्याचा दाब मोजायला सांग. तो १० ते २१ मध्ये आला म्हणून उठून येऊ नकोस, काहींची नस त्या दाबालाही खराब होते. बाहुली मोठी करून आतली नस बघायला सांग, आणि फील्डची, म्हणजे कडेच्या नजरेची, तपासणी कर. एका भांड्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. तू लहानपणी जे व्हिडिओ गेम खेळायचास त्याहून सोपं आहे. वेळेत सापडलं तर थेंबांवर निभतं. माझं निभतंय, रात्री न चुकता घालतो.

तू म्हणालास, ‘बाबा, तुम्ही मला आजारी पाडूनच राहणार.’ तुझा वैताग मला कळतो. दिवसभर लोकांच्या सूचना ऐकून घरी आल्यावर बापाचीही सूचना. तोंडातून शाळा जात नाही, त्याबद्दल माफ कर. पण फोन कापू नये रे. आई हातात रिमोट घेऊन नुसती बसून राहिली.

राहिलेल्या कॅसेटी पाठवतोय. त्यातल्या छोट्या आठ मिलिमीटरच्या आहेत, मधुकाकानं मस्कतहून आणलेल्या कॅमेऱ्याच्या. त्या व्हीसीआरमध्ये चालणार नाहीत, कॅमेराच लागेल. कॅमेरा काकाकडे आहे, पण त्याचं कॅसेट घालायचं दार उघडत नाही म्हणतो. जोर लावू नकोस, दुरुस्त करणारा शोध. या डिस्कवर बॉलपेननं लिहू नकोस, मऊ टोकाचं पेन वापर. आणि मुंजीच्या नव्या मेनूत ‘भिक्षावळ’ वेगळी ठेव, पहिल्याच पानावर. पूर्वी ती शोधायला अर्धा तास टेप पळवावी लागायची.

दोघांना आणि ओवीला आशीर्वाद.

तुझे बाबा

ता. क. आई म्हणते, शनिवारची वेळ घे आणि स्वातीला बरोबर ने. बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, गाडी तिनंच चालवायची. दाब किती निघाला तो आकडा दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा लिहून कळव.