कुत्र्याचं वजन बघून कंपाउंडची उंची ठरवणाऱ्या कंपनीला तक्रार

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय : कुत्रीसाठी म्हणून बसवून घेतलेली 4 फुटी जाळी कमी पडतेय, ती 6 फुटी करून मिळण्याबाबत, आणि तुमच्या उंचीच्या तक्त्याबाबत.

नमस्कार,

फोन करून करून कंटाळलो, दर वेळी नवीन माणूस उचलतो आणि पहिल्यापासून सगळी कथा सांगायला लावतो, म्हणून आता लेखी देतोय. ओतूरच्या अलीकडे आमचं घर आहे, भोवती थोडी जागा आहे, तिला तुमच्या कंपनीकडून चेनलिंक जाळीचं कंपाउंड करून घेतलं. कशासाठी पाहिजे ते पहिल्याच फोनला स्पष्ट सांगितलेलं, की घरात कारवान जातीची कुत्री आहे, ती बाहेर पडता कामा नये, बाकी चोर, गुरंढोरं वगैरेची मला काही चिंता नाही. ऑर्डर फॉर्मवर 'वापर : पाळीव कुत्रा' असं तुमच्याच माणसाच्या अक्षरात आहे, फोटो जोडलाय.

साईटवर आलेल्या तुमच्या माणसाने एकच प्रश्न विचारला, वजन किती. म्हटलं 22 किलो. लगेच मोबाईलवर तक्ता काढला, 10 किलोच्या आत असेल तर 3 फूट, 10 ते 25 ला 4 फूट, 25 च्या वर 5 फूट. हरणी (कुत्रीचं नाव) मधल्या खान्यात बसली, विषय संपला. मी तेव्हाच म्हटलं की अहो ही लातूरकडची आहे, मामाने दिलेली, तिकडे ही जात सशामागे पळायलाच पाळत आलेत, आता शिकारीला बंदी आहे पण पाय तेच आहेत ना, हिला 6 फूट लागेल. तर म्हणतो, "सर तुमच्या भागात बिबट्या आहे, तो 6 फुटांवरून पण सहज उडी मारतो, मग उगाच खर्च कशाला वाढवताय." आता ह्याच्यावर काय बोलणार! बिबट्याला बाहेर ठेवायचं कंपाउंड मागितलं कोणी? रात्री हरणी घरात दार लावून झोपते, जुन्नर तालुक्यात कुत्रं पाळणाऱ्या कोणालाच हे शिकवावं लागत नाही. मला ती दिवसा आत पाहिजे, एवढंच काम होतं. वर 4 फुटीची लेखी हमी देतो म्हणाला आणि कोटेशनवर 'कुत्र्यासाठी योग्य' असं लिहूनही दिलं, तेही जोडलंय.

मुळात वजनावरून उंची काढणं हेच चुकीचं आहे हो. कारवान म्हणजे नुसते लांब पाय आणि खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, त्यामुळे काट्यावर हलकी भरते पण खांद्याला हरणी 25 इंच आहे आणि जागच्या जागी उभी राहून खिडकीच्या कट्ट्यावर चढते. आमच्या शेजारी 40 किलोचा लॅब्राडॉर आहे, तो जाळीकडे बघतो आणि परत पायरीवर आडवा होतो. तुमच्या हिशेबाने त्याला 5 फूट आणि हिला 4! बीगलला उंचीचं एवढं काही नाही, तो खालून उकरून जातो, त्याला जाळी फूटभर जमिनीत गाडायला लागते नाहीतर आतल्या बाजूने जमिनीवर आडवी दुमडून वर माती टाकायला लागते. हस्की असला तर दोन्ही करावं लागतं. म्हणजे विचारायला पाहिजे ते असं की उडी मारतं का, चढतं का, उकरतं का, दिवसभर एकटं असतं का, नसबंदी झालीय का, कारण जवळपास मादी माजावर असली की एरवी गरीब असलेला नर पण भिंत चढतो. ह्यातलं काहीही विचारलं नाही. उडी मारणाऱ्या कुत्र्याला 6 फूट हे कुठलाही जुना फॅब्रिकेशनवाला सांगेल, त्याला ॲप लागत नाही.

बरं उंची राहू द्या, काम बघा. मधोमध, जमिनीपासून 2 फुटांवर, तुम्ही आडवा पाईप टाकलाय आणि तोही आतल्या बाजूने. हरणीसाठी ती पायरीच झाली. ती जाळी एका झेपेत पार करत नाही, मी नीट उभं राहून बघितलंय, पुढचे दोन पाय वरच्या पाईपवर टाकते, मागचे ह्या मधल्या पाईपवर रोवते, एक सेकंद तशीच उभी राहून पलीकडचा अंदाज घेते आणि मग ढकलून देते स्वतःला. मधे पाईप नसता, नुसती ताणाची तार असती, किंवा पाईप बाहेरून असता तर मागच्या पायांना काही आधारच नव्हता. त्यात उत्तरेच्या बाजूला आमची जमीन वर आहे, तिथे तुम्ही खांब खालच्या लेव्हलला रोवलेत, त्यामुळे आतून मोजलं तर जाळी जेमतेम सव्वातीन फूट भरते. टेप लावून काढलेला फोटो आहे. उंची कुत्रं जिथून उडी मारतं तिथून मोजायची असते, रस्त्यावरून बघून नाही.

आणि सगळ्यात राग आलाय तो जाळीच्या टोकांचा. चेनलिंकला एका कडेला तारा दुमडलेल्या असतात आणि दुसऱ्या कडेला पिळ देऊन टोकं मोकळी सोडलेली असतात. तुमच्या पोरांनी मोकळी टोकं वर ठेवून जाळी लावली. परत येताना हरणी त्याच्यावर घासली, मागच्या मांडीच्या आत, जिथे कातडी एकदम पातळ असते तिथे, चांगलं बोटभर फाटलं. टाके पडले, गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर, आणि डॉक्टरांचं बिल. शेजाऱ्यांच्या कोंबड्या गेल्या त्याचे पैसे मी दिले ते वेगळंच. सुदैव एवढंच की ती शेताकडे गेली, कल्याण-नगर रोडकडे गेली असती तर हे पत्र लिहायची माझी मनस्थिती नसती, तिथे ट्रक काय स्पीडने जातात ते आळेफाट्याला येणाऱ्या तुमच्या माणसांना माहितीये.

ह्यावर तुमच्या कस्टमर केअरचे उपाय ऐका. एक मॅडम म्हणाल्या वरून काटेरी तार मारून घ्या. मांडी फाटलेल्या कुत्रीला अजून काटे? दुसरे साहेब म्हणाले मग दिवसा बांधून ठेवा ना. साखळीनेच बांधायची असती तर कंपाउंडला पैसे कशाला घातले असते, आणि आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात गुन्हा आहे, हे कंपनीचा माणूस ग्राहकाला सुचवतोय. उद्या हरणी बाहेर जाऊन कोणाला चावली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली निष्काळजीपणाचा प्रश्न मला विचारतील, तुम्हाला नाही.

आता मला काय पाहिजे ते. जाळी सगळीकडे 6 फुटी, आतून मोजून, चढाच्या बाजूला सुद्धा. वरचं दीड-दोन फूट अँगल आतल्या बाजूला कलता. मधला पाईप काढून तार. दुमडलेली कड वर. गेटखाली चार बोटं फट आहे ती पट्टी मारून बंद. आणि सध्याचे खांब दीड फूटच गाडलेत, 6 फुटी जाळीला दोन फूट तरी काँक्रीटमध्ये पाहिजेत, त्यामुळे नुसते वर तुकडे वेल्डिंग करून पळू नका, खड्डे परत करा. 4 आणि 6 फुटी जाळीच्या भावातला फरक मी द्यायला तयार आहे, पहिल्याच दिवशी तयार होतो, पण मजुरी, खांब, काँक्रीट आणि डॉक्टरांचं बिल तुमच्याकडे. तो वजनाचा तक्ता पण काढा तुमच्या वेबसाईटवरून, अजून किती लोक त्याच्यावर विसंबून 4 फूट लावून घेतायत देव जाणे.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवतो आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जातो, कोटेशनवरची तुमची हमी आणि फोटो सगळं जपून ठेवलंय.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव, पत्ता, नंबर तुमच्या बिलावर आहे)

ता. क. माणसं पाठवायची तर गुरुवार सोडून पाठवा, आमच्याकडे त्या दिवशी लाईट नसते, वेल्डिंग होणार नाही.