हँक विल्यम्सचा पाव तास नेहमीच ‘थेट’ नव्हता, आणि तबकड्या ‘लाखेच्या’ नव्हत्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत अमेरिकी कंट्री गायक हँक विल्यम्सच्या रेडिओवरील दिवसांविषयी लेख आला. मराठीत या विषयाकडे फारसं कुणी वळत नाही, म्हणून तो आवडीने वाचला. पण त्यातली दोन विधानं तशीच राहिली तर उद्या दुसरीकडे उतरवली जातील. एक म्हणजे, १९५१ मधला त्याचा रोज सकाळचा कार्यक्रम ‘थेट प्रक्षेपित’ होई. दुसरं म्हणजे, त्यातले काही भाग ‘लाखेच्या तबकड्यांवर’ टिकले.

हँकचा आठवडा पाहिला तर पहिलं विधान का चुकतं ते कळतं. शनिवारी रात्री नॅशव्हिलमध्ये ‘ग्रँड ओल ओप्री’ या रेडिओवरच्या कंट्री संगीताच्या कार्यक्रमात हजेरी. ती आटोपली की रातोरात मोटार निघे, चारपाच माणसं आणि वाद्यं कोंबून. मग आठवडाभर आज या गावी, उद्या त्या गावी कार्यक्रम. ओप्रीवर गाण्याचे पैसे वादक संघटनेच्या दराने, म्हणजे किरकोळच मिळत. पण फलकावर ‘ओप्रीचा’ एवढे शब्द असले की गावोगावी तिकिटं खपत. खरी कमाई रस्त्यावर होती आणि गाणी स्वतःच लिहीत असल्यामुळे त्यांच्या मानधनात होती. असा माणूस सोमवार ते शुक्रवार सकाळी सव्वासात वाजता डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत रोज कसा उभा राहणार? नॅशव्हिलमध्ये असला तर तो थेट गाई. नसला तर आधी एका बैठकीत लागोपाठ भरून ठेवलेल्या तबकड्या लागत.

वेळ सव्वासातचीच का, हेही सांगायला हवं होतं. डब्ल्यूएसएम ही नॅशव्हिलच्या एका विमा कंपनीची वाहिनी. ६५० किलोहर्ट्झ, आणि १९३२ पासून ५० हजार वॉट. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या मध्यम लहरी शेकडो मैल जात, त्यामुळे शनिवारची ओप्री कॅनडापर्यंत ऐकू येई. दिवसा खालचा थर त्याच लहरी शोषून घेतो आणि जमिनीलगतचं क्षेत्रच उरतं, म्हणजे टेनेसी आणि आसपासचा मुलूख. कार्यक्रमाचे प्रायोजक होते ‘मदर्स बेस्ट’ पीठवाले. त्यांची गिरणी अलाबामातल्या डिकेटरला होती आणि पीठ खपायचं ते याच मुलखात. शेतकऱ्याच्या घरी सकाळी चूल पेटलेली असताना पिठाची जाहिरात व्हावी, हा साधा हिशेब.

या केंद्राच्या मनोऱ्याचीही गंमत आहे. १९३२ मध्ये तो ८७८ फूट उभारला. पण इतक्या उंचीमुळे लहरींचा काही भाग चढ्या कोनात वर जाऊन जवळच परत उतरे आणि जमिनीवरच्या लहरीशी भांडे, त्यामुळे ठरावीक अंतरावर आवाज विरायचा. शेवटी मनोरा ८०८ फुटांवर आणावा लागला. उंच म्हणजे चांगला, हे रेडिओत नेहमी खरं नसतं.

पाव तासाची बांधणी ठरलेली होती. सुरुवातीची धून, निवेदक लुई बक आणि हँकच्या गप्पा, एक गाणं, पिठाची तारीफ, साथीदारांचं एखादं वाद्यवादन आणि शेवटाकडे एक भजन. भजन कधी चुकत नसे, रविवारच्या चर्चचा श्रोता तोच होता. फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) जेरी रिव्हर्स, स्टील गिटारवर (आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो तिच्याच कुळातली) डॉन हेल्म्स.

त्या काळी अशा मंडळींना मायक्रोफोन बहुधा एक, फार तर दोन मिळत. रिबन मायक्रोफोन (आत धातूची पातळ पट्टी असलेला) पुढून आणि मागून सारखाच ऐकतो, डावी-उजवीकडून मात्र जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे आजच्यासारखी आवाजांची जुळवणी यंत्रावर होत नसे, ती पावलांनी होई. गायक सर्वांत जवळ, डबल बास सर्वांत मागे, आणि फिडलवाला आपल्या तुकड्यापुरता दोन पावलं पुढे येऊन लगेच मागे. तोंड नेमकं समोर धरलं तर ‘प’, ‘ब’च्या फुंकरीने पातळ रिबन फडफडते, म्हणून किंचित तिरकं उभं राहून गायचं.

आता तबकडीकडे येतो. इंग्रजीतल्या ‘लॅकर’चं मराठीत सर्रास ‘लाख’ होतं आणि घोटाळा तिथेच आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डमध्ये खरोखरच लाख असे. या तबकड्या वेगळ्या आहेत: ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा मऊ लेप. व्यास १६ इंच, वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं, म्हणजे बाजूला एक कार्यक्रम. कोरणारी सुई लेप खरवडत जाते आणि काळ्या केसासारखा धागा निघतो. तो ब्रशने किंवा हवेच्या ओढीने बाजूला करावा लागतो, नाहीतर सुईखाली गुंतून चर बिघडतो. शिवाय तो भडकन पेटतो, त्यामुळे जवळ सिगारेट चालत नसे. धागा आपोआप मधे गोळा व्हावा म्हणून काही तबकड्या केंद्राकडून बाहेर कोरत. चूक झाली तर कापून जोडायची सोय नाही. एक तर कोरी तबकडी वाया घालवायची, नाहीतर चूक तशीच जाऊ द्यायची. हँकच्या तबकड्यांत खोकला, हसू, निवेदकाची थट्टा राहून गेली आहे ती यामुळे, आणि माझ्या मते त्याच्या बाजारात आलेल्या रेकॉर्डपेक्षा खरा हँक इथेच भेटतो.

प्रक्षेपण झालं की या तबकड्यांचं काम संपलं. पुढे वाहिनीचं सामान हलवताना त्या कचऱ्यात निघाल्या होत्या. तिथल्या छायाचित्रकार लेस लेव्हरेट यांनी त्या उचलल्या म्हणून ७२ कार्यक्रम वाचले. मालकीचा वाद न्यायालयात गेला आणि २००६ मध्ये टेनेसीच्या अपील न्यायालयाने हक्क हँकच्या वारसांचे ठरवले. सार्वजनिक प्रकाशन त्यानंतर, २००८ पासून झालं. हँक १ जानेवारी १९५३ रोजी, ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर वारला. वय २९.

लाख की लॅकर हा शब्दाचा कीस नव्हे. आपल्याकडच्या संग्राहकांच्या कपाटांत मोठ्या, धातूच्या चकतीच्या तबकड्या निघाल्या तर त्यांना ७८ च्या रेकॉर्डसारखं वागवू नका. कडेला खरचटलेल्या जागी धातू दिसला की ओळख पटते. वर पांढरट, तेलकट पूड आली असेल तर ती बहुधा बुरशी नसते. लेप लवचीक राहावा म्हणून घातलेल्या एरंडेल तेलातून सुटलेली आम्लं असतात ती. कोरड्या फडक्याने घासू नका आणि स्पिरिट तर लावूच नका, लेपच विरघळेल. काळाबरोबर लेप आकसतो, धातू आकसत नाही, म्हणून भेगा पडून पापुद्रे सुटतात. सुटायला लागलेला तुकडा परत बसत नाही. तबकडी उभी ठेवा, थंड आणि कोरड्या जागी. पावसाळ्यात मुंबई-कोकणातलं कपाट हे तिच्यासाठी वाईट घर.

वाजवायची तर एकदाच, आणि त्याच वेळी ध्वनिमुद्रण करून घ्या, कारण प्रत्येक वाजवणीत चर झिजतो. साध्या प्लेअरवर १६ इंच मावत नाही. चर रुंद असेल तर एलपीची बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर देते. रुंद चराला साधारण अडीच मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. आणि आधी लेबल वाचा. आतून बाहेर कोरलेल्या तबकडीच्या बाहेरच्या कडेवर सवयीने सुई टेकवली तर ती सरळ खाली घसरते.

आपला,
एक वाचक, पुणे