दार आहे तर टॅक्सी कशाला?

माननीय संपादक,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ती जादूच्या दाराची गोष्ट चालू आहे ना, म्हापशातल्या जुन्या घरात कोठीचं दार उघडलं की पोरगा थेट इंग्लंडात स्विंडनला बाबाच्या किचनमध्ये, ती आमच्या घरी सगळे वाचतात. पण परवा भाच्याने विचारलं, मामा, दार होतं तर आजीला हॉस्पिटलात न्यायला टॅक्सी कशाला केली? आणि वर भाड्यावरून टॅक्सीवाल्याशी अख्खा कॉलमभर वाद! (तो वाद मात्र एकदम खरा वाटला.) मला काय उत्तर सुचलं नाही.

लेखकांना एवढंच सांगायचंय, दाराला काहीतरी अट घाला आणि ती घोळ व्हायच्या आधी सांगा. अलिबाबाच्या गुहेला 'तिळा तिळा दार उघड' होतं, कासिम नेमका तोच शब्द विसरला आणि आत अडकला. अटी शोधायला लांब जायला नको, फिजिक्समध्ये फुकट पडल्यात. पृथ्वी फिरते म्हणून म्हापसा ताशी साधारण १६०० किलोमीटरने पूर्वेला पळतंय, स्विंडन हजाराच्या जरासं वर, दिशाही वेगळी, म्हणजे पोराने इथला वेग घेऊन तिथे पाय टाकला तर तो किचनची भिंत फोडूनच बाहेर जाणार, बाबाचा चहा राहिला बाजूला. मागच्या भागात तो लेहला गेला, साडेतीन हजार मीटर उंची, तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या दोन तृतीयांश वगैरे, दार उघडं राहिलं तर इथली हवा, पेपर, अंगणातली कोंबडी सगळं सूं करत तिकडे. आईनस्टाईन आणि रोझेननी १९३५ साली दोन लांबच्या जागा जोडणारा असला पूल गणितात मांडला, पण १९६२ला व्हीलर आणि फुलर या शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रकाश पलीकडे पोचायच्या आतच तो मिटतो. आयती अट मिळाली की हो!

आपल्याकडे १५६०च्या सुमारास मंगेश देवाला पोर्तुगीजांपासून लपवत कुठ्ठाळीहून झुआरी नदीपलीकडे प्रियोळला नेलं, तेव्हा असलं दार असतं तर एका ओळीत काम झालं असतं आणि आज कोणी ते सांगत बसलं नसतं.

दार दिवसातून एकदाच उघडतं, आणि पोराने सकाळीच ते क्रिकेटचा बॉल आणायला वापरून टाकलं, एवढं लिहिलं तरी चालेल. भाचा रविवारची वाट बघतोय, टॅक्सीचं कारण त्याला अजून हवंय.

– एक वाचक, म्हापसा