घुमट फक्त खेळासाठीच कशाला?

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीत ‘इनडोअर स्टेडियम खेळासाठीच राखा’ असा सूर वाचला, अजिबात पटला नाही. वरळीच्या एनएससीआय डोमचंच घ्या ना, २०१४ मध्ये प्रो कबड्डीची पहिलीच मॅच, यू मुंबा विरुद्ध जयपूर, तिथे झाली, आमची अख्खी चाळ टीव्हीसमोर बसलेली, आणि २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा त्याच घुमटाखाली रांगेने खाटा लागल्या. एरवी कॉन्सर्ट असतातच. मध्ये एकही खांब नाही म्हणून तर हे सगळं जमतं. कार्यक्रमांचं भाडं आलं तरच एवढ्या छपराचा मेन्टेनन्स निघणार, फक्त वर्षातले ठरावीक दिवस शाळांच्या कबड्डी, खो-खोला स्वस्तात द्या की.

– एक वाचक, वरळी