धोकादायक कुत्र्यांसाठी ग्रामपंचायतींना नमुना उपविधी द्या

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आंब्याच्या कलमांच्या बागांत आणि सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांत राखणीला दांडगी कुत्री असतात. ती चावली की जबाबदार कोण, यावरून गावात नुसती भांडणं होतात. मोठ्या शहरांत निदान परवाना तरी लागतो. ग्रामपंचायतींना शासनाने एक नमुना उपविधी, म्हणजे गावपातळीवरच्या नियमांचा तयार मसुदा, द्यावा, एवढीच मागणी आहे.

जातीवर बंदी घालण्याच्या फंदात पडू नये. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवरील बंदीबाबत राज्यांना पत्र पाठवलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. शिवाय दिवसभर साखळीला असलेला गावठी कुत्राही लचका तोडतो. कुत्रा धोकादायक ठरवावा तो वागणुकीवरून: विनाकारण चावून कातडी फाटली, किंवा आवाराबाहेर येऊन माणसावर धावला, तर. पशुवैद्यकीय अधिकारी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी जागेवर जाऊन ठरवावं. रात्री कलमांत शिरलेल्या चोराला चावला, तर तो यात धरू नये.

नोंदीत फोटो, रेबीज लशीची तारीख आणि मायक्रोचिपचा, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपचा, १५ अंकी क्रमांक हवा. मालक मुंबईला असेल, तर गावात राहणाऱ्या सज्ञान माणसाचं नाव आणि त्याची सही हवी. नुसता फोन नंबर चालणार नाही.

खरी गोम कुंपणात आहे. आपला चिऱ्याचा गडगा छातीएवढा, तोही सुका रचलेला. खाचांत पाय रोवून कुत्रा सहज वर चढतो आणि पहिल्या मोठ्या पावसात एखादा चिरा निसटला की वाटच होते. धोकादायक ठरलेल्या कुत्र्यासाठी सहा फूट जाळी, वरचा फूटभर भाग आत झुकलेला आणि खालचा फूटभर जमिनीत गाडलेला, असं लिहून द्यावं. बेड्याऐवजी, म्हणजे आवाराच्या साध्या एका दाराऐवजी, एकामागे एक दोन फाटकं हवीत, म्हणजे सिलिंडरवाला एक उघडेल तेव्हा दुसरं बंद असेल.

साखळी हा कुंपणाला पर्याय नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधणं हा गुन्हाच आहे. शिवाय खाऱ्या हवेत सगळ्यात आधी जाते ती हुकातली स्प्रिंग. हुक मिटलेला दिसतो, पण जीभ गंजून अर्धवट अडकलेली असते आणि एका हिसक्यात सुटते. पितळी किंवा स्टेनलेस हुक सक्तीचा करावा. साखळी गडग्याजवळ बांधू नये, कारण कुत्रा पलीकडे उडी मारून लटकतो आणि फास बसतो.

रस्त्यावर नेताना चार ते सहा फुटांचा न ताणणारा पट्टा हवा आणि धरणारा सज्ञान हवा. मुसकं जाळीचं, तोंड पूर्ण उघडता येईल असं. कापडी मुसकं दवाखान्यात दोन मिनिटांपुरतं ठीक, पण एप्रिलच्या दमट उन्हात ते घालून चालवलेला कुत्रा धापा टाकू शकत नाही आणि उष्माघाताने कोसळतो. शिमग्यात पालखी दारी येते त्या दिवशी असा कुत्रा ढोल वाजायच्या आधीच आतल्या खोलीत कोंडलेला असावा.

चावल्यानंतर मालक कुत्रा रातोरात दुसऱ्या गावी पाठवतो किंवा मारून टाकतो. दोन्हींवर स्पष्ट बंदी हवी. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठणठणीत राहिला, तरच रेबीजची शंका फिटते. अर्थात चावा बसलेल्या माणसाची लस त्यासाठी थांबवायची नाही. जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवावी, हळद-चुना-मिरची काही भरू नये आणि त्याच दिवशी पहिला डोस घ्यावा. रक्त आलेल्या जखमेत लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते जवळ कुठे मिळतं, हे पंचायतीच्या फलकावर लिहिलेलं असावं.

शिक्षेसाठी नवा कायदा नको. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे: प्राण्याबाबत हयगय केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उपविधीत फक्त एवढं जोडावं, की चावल्याचा पंचनामा ग्रामसेवकाने २४ तासांत करून त्याची प्रत पोलिसांना द्यावी. बागांची राखण सुरू होण्याआधी, डिसेंबरपर्यंत ग्रामसभांत हा मसुदा पोहोचावा.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील काही पशुवैद्यक व श्वानप्रशिक्षक