पंचगंगेवर एक पाटी, समुद्रात राहिलेल्यांसाठी

मा. पालकमंत्री साहेब,
कोल्हापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडं जवान शहीद झाला की पार्थिव गावात येतं, शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही कडेला उभी राहतात, तुम्हीही येता. जिथं अग्नी दिला तिथं पुढं चबुतरा होतो, दर वर्षी हार पडतो. हे व्हायलाच हवं. पण ज्यांचं पार्थिव आलंच नाही, त्यांचा चबुतरा कुठं बांधायचा?

माझे थोरले चुलते ‘आयएनएस खुकरी’वर होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात, ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारून ही युद्धनौका काही मिनिटांत बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौजेची शरणागती झाली, सगळीकडं आनंद. आमच्या घरी तार होती, आणि तिच्यात ‘बेपत्ता’ लिहिलं होतं.

बेपत्ता म्हणजे आजीच्या लेखी जिवंत. कुठल्या तरी बेटावर असेल, कुणी कोळ्यानं उचलून नेलं असेल. तिनं कितीतरी वर्षं दिवस घालू दिले नाहीत. शेवटी भावकीनं पुढाकार घेऊन नरसोबाच्या वाडीला दर्भाचा पुतळा करून विधी उरकले. आजी आली नाही. “पाण्यात गेलेल्या लेकराला परत पाण्यात काय सोडायचं,” म्हणाली. चुलतीनं मंगळसूत्र कधी उतरवलं, हे घरात कुणी विचारलं नाही.

दीवला खुकरीचं स्मारक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या खलाशांची नावंही मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये नोंदलेली आहेत. पण कोल्हापूरहून दीवला थेट रेल्वे नाही, आणि चुलतीचे गुडघे आता एसटीची पायरीही चढू देत नाहीत. आमचा जिल्हा तसा जमिनीवरच्या फौजेचा. फौजेत पोरं पाठवणाऱ्या सैनिक टाकळी गावाचं नाव सगळ्यांना ठाऊक, आरमारात गेलेला पोरगासुद्धा गावाच्या लेखी ‘मिल्ट्रीत’च असतो.

म्हणून मागणी एवढीच. युद्धात समुद्रात गेलेल्या जिल्ह्यातल्या सगळ्यांची यादी सैनिक कल्याण कार्यालयाकडून काढून घ्या, नावापुढं गाव घाला, आणि पंचगंगा घाटावर एक दगडी पाटी बसवा. पुतळा नको, उद्यान नको, कोनशिलेवर तुमचं नाव आमच्यापेक्षा मोठं तर अजिबात नको.

घाटावरची पाटी दर पावसाळ्यात पुराखाली जाईल, असा शेरा फाइलवर येईल. जाऊ दे की. नौसैनिकांची पाटी आहे. फक्त अक्षरं रंगवलेली नकोत, खोल कोरून घ्या, आणि ९ डिसेंबरच्या आधी जागा ठरवा. चुलती आता ऐंशीच्या पुढं आहे, आणि घाटापर्यंत रिक्षा जाते.

आपला,
खुकरीवरच्या एका नौसैनिकाचा पुतण्या