सई, ब्युनोस आयर्सला आठवडा दे

सातारा,
3 नोव्हेंबर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

अर्जेंटिनातल्या साल्टाहून पाठवलेला तुझा मेसेज मिळाला. उंचीचा त्रास संपला, डोकं दुखायचं थांबलं, हे वाचून दाखवल्यावर आजीने आधी देवापुढे साखर ठेवली. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या मैदानाचे फोटो ती येईल त्याला दाखवते आहे.

पण त्याच मेसेजमध्ये तू लिहिलंस की ब्युनोस आयर्सला फक्त दोन रात्री आणि लगेच इग्वासूचा धबधबा. हे मला पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले. धबधबा कुठे पळून जात नाही. दोन रात्रींत तुम्ही चौघं ओबेलिस्कोच्या उंच स्तंभासमोर फोटो काढाल, ला बोकातली रंगीत घरं बघाल, एखादा टँगो नाचाचा शो बघाल आणि शहर झालं म्हणून पुढे जाल. त्या शहराला निदान एक आठवडा द्या. मी तिथे राहिलेय, म्हणून हक्काने सांगते.

2007 साल. तू चार वर्षांची होतीस. कंपनीने क्लायंटच्या कामासाठी मला तिकडे पाठवलं आणि तुला आजीपाशी ठेवून मी गेले. तेव्हा गल्लोगल्ली ‘लोकुतोरिओ’ नावाची फोनची दुकानं होती. काचेची केबिन, आत एक खुर्ची, आणि समोरच्या मीटरवर पैसे पळताना दिसायचे. सकाळी दहाला मी तिथे जाऊन बसायचे. साताऱ्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, तुझ्या शुभंकरोतीची वेळ. तू सगळं म्हणून दाखवेपर्यंत मी मीटरकडे बघायचे नाही.

आधी पोचण्याचं बोलू. साल्टाहून बसला वीसेक तास लागतात. चौघांची तिकिटं ‘कामा’ची काढा, सीट बरीच आडवी होते आणि झोप लागते. बस रेतिरोला सोडते. तो स्टँड अवाढव्य आहे आणि सकाळी तिथे फार गर्दी असते. मोठी सॅक पाठीवर, पासपोर्ट-पैशांची छोटी बॅग पोटावर, आणि चौघांनी एकदम बाहेर पडायचं. कोणी मागून येऊन “तुमच्या जॅकेटवर काहीतरी सांडलंय” म्हणत रुमालाने पुसायला लागलं, तर थांबू नका. मोहरीची चटणी उडवायची आणि पुसता पुसता बॅग लांबवायची, ही तिथली जुनी युक्ती आहे. फ्लोरिदा रस्त्यावर “काम्बिओ, काम्बिओ” असं पुकारणाऱ्यांच्या मागे पैसे बदलायला जाऊ नका. सबवेत दाराजवळ उभं राहून मोबाइल हातात धरू नका, दार मिटता मिटता हिसकावून नेतात. आणि ला बोकात दिवसाउजेडीच जा, कामिनितोच्या आसपासच राहा. एवढं पाळलंत तर घाबरण्यासारखं काही नाही. मी एकटी बाई तिथे रात्री दहाला जेवून घरी चालत यायचे, कारण ते शहर जेवायलाच मुळी नऊनंतर बसतं.

एखाद्या किओस्कोतून, म्हणजे टपरीवजा दुकानातून, बस-सबवेचं ‘सुबे’ कार्ड घ्या. एकाच कार्डावर चौघांचं भाडं भरता येतं. माझ्या वेळी बसच्या मशीनला फक्त नाणी चालायची आणि शहरात नाण्यांचा दुष्काळ होता. दुकानदार सुट्ट्याऐवजी गोळ्या हातावर ठेवायचे, आपल्याकडे ठेवतात तशाच. सबवेची ‘ए’ लाइन मात्र आवर्जून पकडा. ती 1 डिसेंबर 1913 ला सुरू झाली, अख्ख्या लॅटिन अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे. मी होते तेव्हा तिच्यावर बेल्जियममध्ये बनलेले जुने लाकडी डबे धावत होते. लाकडी बाकं, आरसे, मंद पिवळे दिवे, आणि दार हाताने ओढून उघडायचं. वळणावर सगळा डबा करकरायचा. 2013 च्या जानेवारीत ते डबे काढून टाकले. पेरू नावाचं स्टेशन अजून जुन्या थाटाचं ठेवलंय, तिथे उतरा.

रविवारी सान तेल्मोला जा. देफेन्सा रस्त्यावर जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. बाजार बघाच, पण तिथल्या घरांकडेही नीट बघा. ती एके काळी धनिकांची घरं होती. 1871 मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली. वस्ती दोन लाखांच्या आत, आणि काही महिन्यांत सुमारे 14 हजार माणसं गेली. हा ताप डास पसरवतो, असं क्युबातल्या कार्लोस फिनले या डॉक्टरने मांडलं ते त्यानंतर दहा वर्षांनी, 1881 मध्ये. साथीच्या वेळी कारणच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ज्यांना शक्य होतं ते श्रीमंत लोक सरळ उत्तरेकडे, आजच्या रेकोलेताच्या बाजूला निघून गेले. रिकाम्या वाड्यांच्या खोल्या इटली-स्पेनहून बोटीने येणाऱ्या गरिबांना भाड्याने गेल्या. एका खोलीत एक कुटुंब, मधे चौक, पाण्याची आणि संडासाची सोय सगळ्यांत मिळून. त्याला तिथे ‘कोन्वेंतिज्यो’ म्हणतात. आजोबांच्या गिरगावातल्या चाळीची हकिकत तू ऐकली आहेस, ती आठव म्हणजे त्या चौकात उभं राहिल्यावर सगळं डोळ्यांपुढे येईल. अशाच चौकांतून आणि गावकुसाच्या वस्त्यांतून टँगो वाढला. म्हणून म्हणते, शोचं महागडं तिकीट काढण्यापेक्षा एखाद्या साध्या मिलोंगात, म्हणजे लोक टँगो नाचायला जमतात तिथे, कोपऱ्यात बसून वयस्क जोडप्यांना नाचताना बघा.

यावरून आठवलं. पुण्याहून निघताना घेतलेल्या यलो फीव्हरच्या इंजेक्शनचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेव. इग्वासूचा भाग त्या तापाच्या पट्ट्यात येतो आणि परतताना मुंबईच्या विमानतळावर कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. निहालला दोनदा विचार, तो कागद हरवण्यात पटाईत आहे.

खाण्यापिण्याचे तुझे हाल होतील अशी आजीला काळजी आहे. होणार नाहीत. “सिन कार्ने”, म्हणजे बिनमांसाचं, म्हटलं की बऱ्याचदा डुकराचं जामोन किंवा चिकन घातलेलं पुढे येतं, त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे गोमांस. म्हणून “सिन जामोन, सिन पोज्यो” हेही सांगायचं, आणि पोज्योचा उच्चार तिथे ‘पोशो’ करायचा. आपल्या करंजीसारख्या एम्पानादा मिळतात, त्यांतल्या मक्याच्या आणि पालकाच्या घे. त्यांच्या कडांची मुरड बघ, सारण बदललं की मुरडही बदलते, त्यावरून आत काय आहे ते ओळखतात. कोर्रिएन्तेस रस्त्यावर गुएर्रीन नावाचं 1932 पासूनचं पिझ्झाचं दुकान आहे. तिथे दाराशी उभ्यानेच खायचं. कांदा आणि भरपूर चीजची फुगासेता घ्यायची आणि तिच्यावर ठेवून फाइना. फाइना म्हणजे आपल्या बेसनाचीच जाड भाकरी, हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ आणि भट्टी. जेनोवाकडच्या इटालियन लोकांनी ती तिकडे नेली. पहिल्या घासाला मला घरचं पिठलं आठवलं होतं.

कोणी माते, म्हणजे तिथला चहासारखा पानांचा काढा, पुढे केला तर घे. हे मुद्दाम सांगते, कारण उष्टं प्यायचं म्हटलं की तू अंग चोरतेस. एकच भोपळ्याचं भांडं, एकच धातूची नळी, आणि सगळ्यांमध्ये फिरतं. भरणारा एकच असतो. आपल्या वाट्याचं पूर्ण प्यायचं, नळी हलवायची नाही, भांडं त्याच्याकडे परत द्यायचं. आणि “ग्रासियास”, म्हणजे धन्यवाद, तेव्हाच म्हणायचं जेव्हा आणखी नको असेल. नाहीतर पुढच्या फेरीत तुला वगळतील आणि तुला कळणारही नाही का ते. मी ज्यांच्याकडे राहत होते त्या घरमालकीणबाईंनी मला हे शिकवलं. सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्या वर्षी 9 जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, शहरात बर्फ पडला. 1918 नंतर पहिल्यांदा. बाई झग्यावर कोट चढवून रस्त्यात गेल्या, तळहात उघडे धरून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने रडल्या. सगळी गल्ली बाहेर आली होती. कोणी गाडीच्या बॉनेटवर बोटभर उंचीचा बर्फाचा माणूस करत होतं. शेजारपाजारचे लोक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि त्यांत मलाही धरून घेतलं. तुम्ही नोव्हेंबरात जाताय, तुम्हाला बर्फ नाही, हाकारांदाची जांभळी झाडं मिळतील. रस्तेच्या रस्ते जांभळे होतात.

आता ज्यासाठी मी एवढा आठवडा मागतेय ते.

गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लासा दे मायो या चौकात जा.

1976 ते 1983 तिथे लष्कराची राजवट होती. विद्यार्थी, कामगार, शिक्षक, डॉक्टर यांना रात्री-अपरात्री घरातून उचलून नेलं. मानवी हक्कांच्या संघटना 30 हजार बेपत्ता म्हणतात. पोलीस चौकीत नोंद नाही, तुरुंगात नाव नाही. 30 एप्रिल 1977 ला चौदा आया राष्ट्रपतीभवनासमोरच्या त्या चौकात जमल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी होती. पोलीस म्हणाले, चालत राहा. मग त्या दोघी-दोघी हातात हात घालून मधल्या छोट्या स्तंभाभोवती चालू लागल्या. त्या वर्षी ऑक्टोबरात लुखानच्या यात्रेत एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला बांधले ते बाळांचे पांढरे लंगोट. पुढे त्यांचाच रुमाल झाला. चौकातल्या फरशीवर ते रुमाल रंगवलेले आहेत, बघून चाल.

पहिल्या बायकांना जमवणाऱ्या असुसेना विज्याफ्लोर यांना त्याच डिसेंबरात उचललं. बेपत्ता मुलांच्या नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आली, त्या 10 डिसेंबरला. त्यांना आणि आणखी दोघी आयांना विमानातून समुद्रात टाकून दिलं. लाटांनी त्यांची प्रेतं किनाऱ्यावर आणली आणि बेनामी म्हणून ती पुरली गेली. 2005 मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञांनी हाडांवरून ओळख पटवली. असुसेनांची रक्षा त्याच स्तंभाच्या पायथ्याशी पुरली आहे.

माझं ऑफिस तिथून चालत जाण्यासारखं होतं. पहिल्या गुरुवारी मी सहकाऱ्यांबरोबर कडेने उभी राहिले. ऐंशीच्या घरातल्या बायका, पायात साध्या चपला, गळ्यात मुलाचा किंवा मुलीचा फोटो. फोटोतली पोरं सगळी वीस-बावीसची. एकीने जाता जाता माझ्याकडे बघून मान हलवली, “ये” म्हणून. मी शेवटच्या रांगेत सामील झाले. त्यानंतर कामातून सुटता येईल त्या गुरुवारी गेलेच. कोणी रडत नव्हतं. पुढची एकजण नाव पुकारायची आणि सगळ्या मिळून “प्रेसेन्ते” म्हणायच्या, म्हणजे हजर.

आता त्यांच्यातल्या फार थोड्या उरल्या आहेत, पण फेरी अजून चालते. तू आज बावीसची आहेस. त्यांनी तुला बघावं असं मला वाटतं, आणि तू त्यांना. फोटो काढायचे तर आधी विचार. सोबत चाल.

जमलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी एस्मा बघायला जा. नौदलाची ती शाळा छळछावणी होती, सुमारे पाच हजार माणसांना तिथे आणलं. 2023 मध्ये तिला युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथे ज्या बायकांना बाळं झाली ती काढून घेऊन दुसऱ्यांना देऊन टाकली. त्या नातवंडांना त्यांच्या आज्या अजून शोधताहेत आणि शंभराहून जास्त सापडलीही आहेत. त्या दिवशी दुसरं काहीच ठरवू नका. संध्याकाळी चौघांनी नुसतं पालेर्मोच्या बागेत बसायचं.

आणि चौघांचं. महिनाभर एकत्र फिरल्यावर कटकटी होतात, त्या व्हायच्याच. दिवसा वेगवेगळे फिरा की, केतकीला दुकानं आवडतात, ओंकारला बोम्बोनेराचं फुटबॉल स्टेडियम बघायचंय, तुला पुस्तकांची दुकानं. सान्ता फे रस्त्यावरचं एल आतेनेओ चुकवू नकोस, 1919 च्या नाट्यगृहातलं पुस्तकांचं दुकान आहे, रंगमंचावर बसून कॉफी पिता येते. फक्त रोज सकाळी भेटायची एक जागा आणि वेळ ठरवून निघा, मोबाइल बंद पडला तरी चालेल अशी. रात्री मात्र एकत्र. कोणी दमलं असेल तर त्याला ओढून नेऊ नका, आणि पैशांचा हिशेब रोजच्या रोज लिहा.

गुरुवारी तिथले साडेतीन म्हणजे इथले रात्रीचे बारा. मी जागी आहे, फेरी झाली की फोन कर. बाबा विचारताहेत पैसे पुरतात का, ते खरं सांग. इग्वासूची तिकिटं अजून काढली नसतील तर शुक्रवारनंतरची काढा.

तुझी,
आई